गिळा, मिंगंडी, नुंग्री

सोलापुरात एंडोस्कोपीच्या खोलीत काम करायचं तर एक शब्द तीन भाषांत यावा लागतो. मराठीत ‘गिळा’, तेलुगूत ‘मिंगंडी’, कन्नडमध्ये ‘नुंग्री’. दुर्बिणीचं टोक जिभेच्या मुळापाशी पोचलं की पेशंटनं एकदा गिळायचं असतं. गिळलं की अन्ननलिकेचं तोंड उघडतं आणि नळी अलगद आत सरकते. तेवढा एक घोट जमला नाही, तर पेशंटही झगडतो आणि डॉक्टरही.

आमच्याकडे शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका येतात, यंत्रमागावरचे कामगार येतात; त्यांच्या घरात तेलुगू. अक्कलकोटकडचे, विजयपूर-कलबुर्गीहून पहाटेच्या गाडीनं आलेले लोक कन्नड बोलतात. मराठी बहुतेकांना येतं. पण घाबरलेल्या माणसाला आधी स्वतःच्या घरची भाषा ऐकू येते, हे मी या खोलीत शिकले. ‘गिळा, गिळा’ म्हणून मी ओरडत असायचे आणि समोरची अक्का टक लावून बघत राहायची. एकदा एका मुलीनं दाराबाहेरून ‘मिंग अम्मा, मिंग’ अशी हाक दिली आणि त्या बाईंनी लगेच गिळलं. त्या दुपारी मी तो शब्द कागदावर लिहून घेतला. आता सतरा वर्षं झाली, या खोलीत स्टाफ नर्स म्हणून.

लोक एंडोस्कोपीला ‘दुर्बीण’ म्हणतात, ‘नळी घालणं’ म्हणतात. करंगळीएवढ्या जाडीची, साधारण दहा मिलिमीटरची, काळी, वळणारी नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात आणि पुढं लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. नुसतं बघायचं असेल तर पाच ते दहा मिनिटांत काम होतं. जुलाबाचं औषध घेऊन पोट साफ करावं लागतं ते खालच्या तपासणीला, म्हणजे कोलोनोस्कोपीला, हिला नाही. ही गल्लत इतकी होते की काही जण रात्रभर शौचाला जाऊन, गळून गेलेल्या अवस्थेत आमच्या बाकावर येऊन बसतात.

पण सगळ्यात मोठा गोंधळ एका शब्दानं होतो. आम्ही सांगतो, ‘उपाशी या.’ पेशंट ऐकतो, ‘उपवास करून या.’ एका आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात मोहोळकडच्या एक आजी आल्या. मी विचारलं, ‘आजी, काही खाल्लं नाही ना?’ त्या म्हणाल्या, ‘नाय बाई, उपासच हाय.’ मी तेवढ्यावर थांबले. नळी जठरात पोचली तेव्हा पडद्यावर साबुदाण्याचे दाणे दिसले, शेंगदाण्याचा कूट दिसला. डॉक्टरांनी नळी लगेच बाहेर काढली. आजींना उलटी झाली. त्या कुशीवर होत्या म्हणून ती श्वासनलिकेत न जाता बाहेर पडली. आजी वाचल्या, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्न मी अर्धवट विचारला होता.

तेव्हापासून मी ‘काही खाल्लं का’ असं विचारत नाही. ‘काल रात्री शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता? सकाळी उठल्यावर तोंडात काय काय गेलं?’ असं विचारते. मग चहा निघतो, कारण चहाला कुणी खाणं समजत नाही. चहाबरोबरचं बटर निघतं. मशेरी निघते. आमच्याकडच्या कित्येक बायकांना मशेरी लावल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. ती दातांना लावायची असते, खायची नसते, म्हणून सांगायचं कारणच त्यांना दिसत नाही. पुरुषांच्या गालात तंबाखूची चिमूट असते. हे सगळं बाहेर यायला हवं असेल तर विचारणाऱ्याच्या आवाजात रागाचा लवलेश नको. एकदा कुणाला सर्वांदेखत झापलं की बाकावरचे पुढचे चारही जण ‘काही नाही, काही नाही’ म्हणतात, आणि धोका वाढतो तो त्यांचाच.

तर नीट सांगते. तपासणीच्या आधी सहा ते आठ तास अन्न नको. दूध आणि दुधाचा चहा अन्नातच धरायचा. साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळायचं. सोलापूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना लोक आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता एसटीनं येतात आणि आमच्या दारात चक्कर येऊन पडतात. तेवढं कडक कुणी सांगितलेलं नसतं. पण ‘निरंकार’ हा शब्द आपल्या हाडात मुरलेला आहे, आणि दवाखान्यातल्या उपाशी राहण्यालाही लोक तो लावतात.

गोळ्यांचंही तसंच. मंगळवेढ्याकडचे एक शिक्षक, निवृत्त, सगळं वेळच्या वेळी करणारे. रात्रीपासून उपाशी राहिले आणि सकाळी नेमाप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली. त्यांचा नंबर अकरावा होता. बसल्या बसल्या त्यांना घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. साखर तपासली तर चौपन्न. सलाइनमधून ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत शुद्धीवर येऊन ते उलट मलाच म्हणाले, ‘सिस्टर, औषध चुकवायचं नाही असं तुम्हीच सांगता ना?’ खरं होतं. उपाशी राहायच्या दिवशी मधुमेहाची गोळी आणि इन्सुलिन यांचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवावं, आणि नंबर सकाळचा पहिला मागून घ्यावा. रक्तदाबाची गोळी मात्र बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांची भीती वेगळी. ‘नळी घालणार, रक्त येईल’ म्हणून कुणी शेजारी सांगतो आणि हृदयात स्टेंट बसवलेला माणूस परस्पर गोळी बंद करून येतो. नुसतं बघायचं किंवा लहानसा तुकडा घ्यायचा असेल तर त्या गोळ्या बऱ्याचदा बंद कराव्याच लागत नाहीत. आणि स्टेंट असताना त्या अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा आणि आमच्या टेबलावर ओता. नावं पाठ नसली तरी काही बिघडत नाही.

त्या पाकिटांत ‘गॅसची गोळी’ हमखास असते. कुणाच्या सल्ल्याशिवाय, मेडिकलमधून आणलेली, वर्षानुवर्षं रोज सकाळी. तिचंही नाव सांगायला हवं. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. अल्सर होण्यामागचं ते एक मोठं कारण. तो आहे का हे बघायला आम्ही जठराच्या अस्तराचा कण पिवळ्या जेलच्या एका खळग्यात टाकतो. जंतू असला तर त्या पिवळ्याचा गुलाबी रंग होतो. कधी काही मिनिटांत होतो, कधी काही तास लागतात. पण गॅसची गोळी चालू असली की जंतू दबलेला असतो आणि रंग बदलत नाही. म्हणून डॉक्टर बहुधा ती दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. अल्सर काळजीनं आणि तिखटानं होतो असंच जग मानत होतं, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जंतूचं द्रावण स्वतः प्यायलं आणि त्याआधी व नंतर स्वतःची एंडोस्कोपी करून घेतली. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. अल्सरचं दुसरं मोठं कारण आमच्या यंत्रमागांवर रोज दिसतं. बारा-बारा तास उभं राहून कंबर धरते, मग रिकाम्या पोटी पेनकिलर. ‘गोळी घेतली की उभं राहता येतंय’ असं सांगणाऱ्या त्या माणसाला डांबरासारखी काळी शौच व्हायला लागते, तेव्हा तो येतो.

मीही रिकाम्या पोटी पेनकिलर घेणाऱ्यांतलीच होते. रात्रपाळ्या, दुखणारे गुडघे. २०१५ च्या पावसाळ्यात पोटाच्या वरच्या भागात टोचायला लागलं आणि शेवटी मी त्याच टेबलावर आडवी झाले, जिथं तोवर हजारो लोकांना आडवं केलं होतं. गुंगीचं इंजेक्शन घेतलं नाही, कारण संध्याकाळी मुलाला क्लासवरून गाडीवर आणायचं होतं.

ती आठ मिनिटं मी जशीच्या तशी सांगते, कारण त्याआधी मी पेशंटला जे सांगत होते ते अपुरं होतं. घशात मारतात तो स्प्रे कडू असतो. अर्ध्या मिनिटात जीभ जड होते आणि घसा सुजून बंद झाल्यासारखा वाटतो. तो सुजलेला नसतो, बधिर झालेला असतो. पण थुंकी गिळल्याचं कळेनासं होतं आणि माणूस दचकतो. डाव्या कुशीवर झोपवतात. दातांमध्ये भोक असलेला प्लॅस्टिकचा ठोकळा देतात, म्हणजे नळी चावली जाऊ नये. मग नळी येते. जिभेच्या मागं ती टेकते तेव्हा उमासा येतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि एक क्षण अगदी खात्रीनं वाटतं की श्वास अडला. मला सगळं माहीत होतं. श्वासाची वाट वेगळी आणि अन्नाची वेगळी, नळी अन्नाच्या वाटेनं जाते, हे मी रोज चार्टवर दाखवत होते. तरी त्या क्षणी ते आठवलं नाही. माझ्याबरोबरच्या सिस्टरनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘घसा पार झाला. आता नाकानं हळू घे.’ तिच्या पहिल्या वाक्यानं मी सुटले. सगळ्यात अवघड टप्पा मागं पडला, हे आत झोपलेल्या माणसाला कळत नसतं. ते कुणीतरी सांगावं लागतं.

पुढं पोटात हवा भरतात, कारण मिटलेल्या जठरात काही दिसत नाही. पोट फुगतं, ढेकर येतात, लाळ गालावरून वाहते. ती वाहू द्यायची, गिळायची नाही. खाली टॉवेल असतो. ढेकर दाबायला गेलं तर त्रास वाढतो. तुकडा घेतला तेव्हा मला काहीच जाणवलं नाही, डॉक्टरांनी चिमट्यासाठी ‘ओपन, क्लोज’ म्हटलं म्हणून कळलं.

त्या दिवसानंतर ‘काही होत नाही हो’ हे वाक्य मी सोडून दिलं. डॉक्टर, नर्स, नातेवाईक, सगळे ते मायेनं म्हणतात. पण पहिल्याच उमाशाला पेशंटला कळतं की काहीतरी होतंय, आणि मग आमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही. तो नळीला हात घालतो. आता मी म्हणते, ‘घशापाशी दहा-पंधरा सेकंद नकोसं वाटेल. उमासे येतील, दोन-तीन. श्वास अडल्यासारखा वाटेल, पण अडणार नाही. मी आकडे मोजेन, तुम्ही नाकानं श्वास घ्यायचा. नंतर फक्त पोट फुगल्यासारखं वाटेल.’ एवढं ऐकलेली माणसं जास्त शांत झोपतात. हे कुठं छापून आलेलं नाही, मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

गुंगी घ्यायची की नाही, हे पेशंटनं विचारावं. ती मागणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, आणि ती पूर्ण भूलही नसते. घेतली तर त्रास कमी आठवतो, कित्येक जण उठून विचारतात, ‘कधी करणार?’ पण मग त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही-अंगठा करायचा नाही, आणि बरोबर माणूस हवाच. डॉक्टर रिपोर्ट समजावतील तेव्हा त्या माणसानं ऐकायचं, कारण पेशंट मान डोलावतो आणि घरी पोचेपर्यंत विसरतो.

बरोबर आलेल्या माणसाचा विषय निघालाच आहे तर कवळीचं सांगते. कवळी काढावी लागते, हलणारा दात सांगावा लागतो. एकदा एक म्हाताऱ्या बाई काही केल्या तोंड उघडेनात. पदर तोंडावर घट्ट धरलेला. सून शेजारी उभी होती. सुनेला मी बाहेरच्या फॉर्मवर सही करायला पाठवलं, पडदा ओढला आणि झाकणाची डबी पाणी घालून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाठ फिरवून कवळी काढली, डबी छातीशी धरली आणि मग तोंड उघडलं. सुनेनं त्यांना बिनदाताचं कधी बघितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे डबी आधी आणि नातेवाईक नंतर.

एक प्रश्न लोक मनात ठेवतात, विचारत नाहीत: ‘हीच नळी आधीच्या माणसाच्या तोंडात होती ना?’ होती. विचारा, तुमचा तो हक्क आहे. एका पानटपरीवाल्या मामांनी विचारलं तेव्हा मी त्यांना धुण्याच्या जागेपर्यंत नेलं. नळी काढल्या काढल्या पुसायची, तिच्यातून एन्झाइमचं द्रावण ओढायचं, कुठं भोक पडलंय का ते पाण्यात बुडवून बघायचं, आतल्या बारीक वाटेतून लांब ब्रश फिरवायचा. मग दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये निदान वीस मिनिटं पूर्ण बुडवायची, धुवायची, हवेनं सुकवायची, उभी टांगायची. मामा म्हणाले, ‘येवढं तर आमच्या घरात देवाचं तांब्याबी घासत न्हाईत.’ आणि टेबलावर चढले.

आता ज्या बाईंमुळे मी हे लिहायला बसले त्यांचं सांगते. कुंभारीजवळच्या विडी घरकुलात राहणाऱ्या. सुपात तंबाखू आणि पानं घेऊन दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या. बोटांच्या टोकांना तंबाखूचा रंग कायमचा बसलेला. मुलगी घेऊन आली होती. ‘आईचा घास अडकायलाय,’ ती म्हणाली. कधीपासून? बाई म्हणाल्या, पंधरा दिवस. मी वेगळं विचारलं, ‘अक्का, कडक भाकरी कधी सोडली?’

मुलगी आईकडं बघायला लागली. कडक भाकरी दिवाळीतच सोडली होती. दात दुखतात म्हणून सोडली, असं घरात वाटलं होतं. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी, मऊ भाकरी आमटीत कुस्करून खात होत्या. शिवरात्रीला भाकरीच बंद झाली, भात आणि ताक. आता मार्च संपत आला होता आणि नुसती पेज जात होती. अंगातलं पोलकं दोन्हीकडून आत शिवून घेतलेलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून दवाखाना नाही. आणि शेजारणीनं सांगितलं होतं, नळी घालताना जीव गुदमरतो, आणि गाठीला हात लागला की ती पसरते.

घास अडकणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण न सापडणारा रक्तक्षय: यांतलं एकही असेल तर महिना घालवू नये. तुकडा घेतल्यानं गाठ पसरत नाही. चिमट्यात येतो तो कण मोहरीएवढा असतो, आणि तो नेहमी कॅन्सरसाठीच घेतात असंही नाही. फार क्वचित, काही हजारांत एखाद्याला, नळीनं भोक पडतं किंवा रक्तस्राव होतो. म्हणून घरी गेल्यावर छातीत किंवा पोटात जोराचं दुखणं, ताप, मानेला सूज, धाप, काळी शौच यांतलं काही झालं तर रात्र असली तरी परत या, असं आम्ही बजावतो. एरवी घसा एक-दोन दिवस खवखवतो, तेवढंच. बधिरपणा जाईपर्यंत, अर्धा ते एक तास, काही खायचं-प्यायचं नाही. मग आधी घोटभर पाणी, ठसका लागला नाही की बाकीचं.

अक्कांना मी सगळं सांगितलं, जेवढं तेलुगू येतं तेवढ्यात. ‘मिंगंडी’ म्हटल्यावर त्यांनी गिळलं. नळी अन्ननलिकेच्या मधोमध जाऊन थांबली. पडद्यावर पांढुरकी, खडबडीत गाठ दिसत होती आणि वाट पेन्सिलीएवढी उरली होती. डॉक्टरांनी सहा तुकडे घेतले. अक्कांनी एकदाही हात वर केला नाही. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर होता.

या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. नोंदणी करणारी माणसं नुसती आकडे लिहून परत येत नसत, गावोगाव बसून लोकांना लक्षणं सांगत. मला त्या कामाबद्दल फार आदर आहे. दिवाळीत कुणी अक्कांच्या दारात बसून ‘घास अडकतो का’ एवढं विचारलं असतं तर, असं मला कितीदा वाटून गेलंय.

अक्कांना किरणोपचार दिले, केमो दिली. गाठ आवळली, पण उपचारांच्या व्रणानं वाट पुन्हा अरुंद झाली, आणि ती दुर्बिणीतूनच रुंद करायला त्या दर काही आठवड्यांनी येऊ लागल्या. सहा-सात वेळा आल्या. आल्या की स्वतःच डावीकडे कुशीवर वळायच्या, ठोकळा स्वतः तोंडात धरायच्या. मऊ भाकरी दुधात जात होती. कडक नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला मी आत साहित्य लावत होते. दाराची फट उघडी होती. बाकावर अक्कांच्या शेजारी एक तरुण बाई रडत होती, पहिलीच वेळ होती तिची. तिचा नवरा म्हणत होता, ‘अगं, काही होत नाही.’ अक्कांनी त्याला हातानं थांबवलं. मोडक्या मराठीत, त्या तिला सांगायला लागल्या: औषध कडू असतंय. घसा जड होतंय. मग उलटीसारखं होतंय, दोन डाव, तीन डाव. श्वास जात न्हाई, नाकातून घ्यायचं. सिस्टर मोजतंय, पंधरापर्यंत.